स्नेअरला माइक: दोन बोटं वर, एक बोट आत

स्नेअरचं, म्हणजे ड्रमसेटमधल्या खाली तारा लावलेल्या कडक आवाजाच्या ड्रमचं, रेकॉर्डिंग बिघडलं की सगळ्यांचा संशय आधी माइकवर जातो. रिकाम्या खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो, त्यावर हाय-हॅटची (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची) किसकिस चढते आणि महागडा माइक मागवायचा बेत ठरतो. बहुतेक वेळा दोष वेगळाच असतो. ड्रम नीट लावलेला नसतो, खोलीचा स्लॅब डोक्यावर वाजत असतो, नाहीतर माइक दोन सेंटिमीटर चुकीच्या जागी असतो. मिरजेत तंबोरा लावताना घोडीवर तारेखालचं सूत केसभर सरकवतात आणि त्याच तारेतून वेगळाच झंकार निघतो. स्नेअरचा माइकही असाच लावायचा असतो: थोडा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा सरकवायचा.

सांगली-साताऱ्याकडे जिथे घरच्या घरी रेकॉर्डिंग होतं तशी खोली इथे धरली आहे. बंगल्याची वरची दहा बाय बाराची खोली, खाली शहाबादी किंवा टाइल्स, दहा फुटांवर स्लॅब, आणि दोन किंवा चार इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा). मोठ्या स्टुडिओतली बरीच युक्ती या खोलीत चालत नाही. जवळून लावलेला माइक मात्र चालतो, म्हणून भर त्यावर आहे.

आधी ड्रम

माइक काढण्याआधी ड्रमची चावी हातात घ्या. नेहमीचा स्नेअर १४ इंच व्यासाचा, ५ ते साडेसहा इंच खोल, आणि कडेला आठ किंवा दहा लग (ताणाचे स्क्रू बसतात त्या जागा) असलेला असतो. वरचं हेड, म्हणजे ढोल-ताशा पथकात ज्याला पान म्हणतात ते, रेकॉर्डिंगसाठी एकपदरी आणि पांढऱ्या खरखरीत लेपाचं बरं. रेमोचं कोटेड अँबॅसडर या जातीचं. त्याचा पडदा १० मिल, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतो. मधला लेप उडून खळगा पडलेलं हेड कितीही ताणा, ते टणक बोलणार नाही. ते बदलाच. नव्या हेडने जितका फरक पडतो तितका फरक दुसऱ्या माइकने सहसा पडत नाही.

ताण देताना समोरासमोरचे लग जोडीने घ्या, एका वेळी पाव फेरा. मग प्रत्येक लगसमोर, कडेपासून तीन सेंटिमीटर आत, काडीने हलकी टिचकी मारा. जिथे सूर खाली येतो तो लग थोडा आवळा, जिथे वर जातो तो सोडा. सगळीकडे एकच सूर आला की मगच मधोमध वाजवून बघा. खालचं हेड फार पातळ असतं, २ ते ३ मिल. ते वरच्यापेक्षा घट्ट ठेवायचं, नाहीतर तारांचं उत्तर उशिरा आणि फिसकट येतं.

तारा साधारण २० असतात. खटका लावून ताण पूर्ण सैल करा आणि हळू वाजवत आवळत जा. आधी खडखड ऐकू येईल, मग चुरचुरीत आवाज येईल, आणि त्याच्या पुढे गेलात की आवाज गुदमरेल. गुदमरायच्या अर्धा फेरा आधी थांबा. काडी अगदी हळू टेकवली तरी तारा बोलल्या पाहिजेत. एखादी तार वाकडी होऊन हेडपासून सुटली असेल तर ती मुळाशी कापून टाका. एका तारेने काही बिघडत नाही, पण ती झणझणत राहिली तर सगळं बिघडतं.

कडेची घणघण जास्त वाटली तर चिकटपट्टीची एक इंचाची घडी हेडच्या कडेला लावा, ड्रमरपासून लांबच्या बाजूला. एकदम रुमाल टाकून ड्रमचा आवाज मारू नका. एकटा स्नेअर ऐकताना घणघण खटकते, पण गिटार, कीबोर्ड आणि गाणं वर चढलं की तीच घणघण स्नेअरला अंग देते.

खोली

जवळच्या माइकला खोली फारशी ऐकू येत नाही. ओव्हरहेडला, म्हणजे ड्रमसेटच्या वर लावलेल्या माइकला, भरपूर येते. स्नेअर जमिनीपासून साधारण ६५ सेंटिमीटरवर असतो, ओव्हरहेड त्याच्या वर मीटरभर, आणि स्लॅब तिथून आणखी सव्वा-दीड मीटरवर. स्लॅबवरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो, त्यातल्या सुरांच्या काही पट्ट्या खातो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातल्यासारखा होतो. त्यावर घरचाच उपाय आहे. कापसाची गादी ओव्हरहेडच्या वर छताशी आडवी टांगा, किंवा दोन गाद्या ड्रमच्या मागे भिंतीपासून वीतभर सोडून उभ्या करा. कापसाची जाड गादी खरोखर आवाज शोषते. गोणपाट, पडदे आणि अंड्यांचे ट्रे फक्त वरची चुरचुर खातात आणि खालची घूम तशीच ठेवतात. त्यामुळे खोली शांत झाल्यासारखी वाटते आणि रेकॉर्डिंग मात्र कोंदट होतं.

ड्रमखाली जाड सतरंजी किंवा घोंगडं घाला. फरशीवरून उलटणारा आवाज कमी होतो आणि स्टँडचे पाय घसरत नाहीत. ड्रमसेट खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नका, लांबीच्या एक तृतीयांशावर ठेवा. पंखा बंद करा.

कोणता माइक

स्नेअर म्हटलं की शुअर एसएम ५७ हे नाव येतंच. हा डायनॅमिक (विजेशिवाय चालणारा, दणकट), कार्डिऑइड (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) माइक १९६५ पासून बाजारात आहे. त्याचा सुरांचा पट्टा ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ. पाच-सहा किलोहर्ट्झच्या आसपास त्याला उठाव आहे आणि काडीचा कडक आवाज नेमका त्याच भागात असतो. अगदी वरची चमक तो कमी धरतो, म्हणजे हाय-हॅटची धारही बोथट करतो. स्नेअरवर तो टिकून राहिला याचं कारण या दोन गोष्टींत आहे. वजन २८४ ग्रॅम. बाजारात नकली माल भरपूर आहे, तेव्हा घेताना काट्यावर ठेवून बघा. हाताला हलका लागला तर सोडून द्या.

एसएम ५७ नसेल आणि मंडपवाल्याकडून किंवा भजनी मंडळाकडून एसएम ५८ मिळत असेल तर तो बिनधास्त वापरा. दोघांचा गाभा एकाच घराण्यातला आहे. ५८ च्या गोल जाळीमुळे आतली कॅप्सूल ड्रमपासून थोडी लांब राहते, इतकाच मुख्य फरक. जाळी काढून वापरायचा मोह होतो, पण उघड्या कॅप्सूलवर काडीचा एक फटका बसला की माइक गेला.

ऑडिक्सचा आय५ याच कामाचा आहे. सेनहायझरचा ई ६०४ क्लिपने रिमवर (ड्रमच्या धातूच्या कडीवर) बसतो, स्टँड लागत नाही. दाटीच्या खोलीत आणि कार्यक्रमात त्याची फार सोय होते. मात्र क्लिपवरच्या माइकला हलवायला जागा थोडी मिळते, आणि या लेखातलं निम्मं काम हलवण्याचंच आहे. शुअर बीटा ५७ ए सुपरकार्डिऑइड आहे, बायरडायनॅमिक एम २०१ हायपरकार्डिऑइड. हे दोघे बाजूचा आवाज जास्त टाळतात, पण त्यांना वळवायची रीत वेगळी आहे; ती हाय-हॅटच्या भागात येईल.

आता कंडेन्सर, म्हणजे इंटरफेसकडून वीज घेणारा जास्त संवेदनशील माइक. तो काडीची बारीक कामं, तारांची चुरचुर आणि हलक्या हाताचे ठोके फार छान पकडतो. हाय-हॅटही तितक्याच छान पकडतो. दुसरी अडचण जोराची. कडक फटक्याला दोन बोटांवर लावलेल्या माइकपाशी आवाजाचा दाब १३० डेसिबलच्या घरात जातो. एसएम ५७ तिथे शंभर मिलिव्होल्टच्या थोडा वर देतो. नेहमीचा कंडेन्सर अर्ध्या व्होल्टच्या वर देतो, आणि त्याचं स्वतःचं सर्किटच फाटू शकतं. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवणारं इंटरफेसचं बटण) कितीही कमी करा, फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, कारण तो इंटरफेसपर्यंत पोचायच्या आधीच फाटलेला असतो. म्हणून स्नेअरवर कंडेन्सर लावायचा तर पॅड (माइकवरचा आवाज दाबणारा खटका) असलेलाच. एकेजी सी ४५१ बी ला १० आणि २० डेसिबलचं पॅड आहे, शुअर एसएम ८१ ला १० डेसिबलचं. पॅड नसलेला मोठ्या डायफ्रॅमचा गाण्याचा कंडेन्सर स्नेअरच्या जवळ नेऊ नका. तो ओव्हरहेडला ठेवा.

वरच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. डायनॅमिक माइकला गेन फार लागतो, असं म्हणून बरेच जण वेगळा बूस्टर विकत घेतात. गाण्यासाठी त्यात तथ्य असेल, पण स्नेअरवर एसएम ५७ ला इंटरफेसचं २० डेसिबलच्या आसपास गेन पुरतं. ते पैसे हेडवर आणि चांगल्या केबलवर घाला.

वरचा माइक

उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा सेट धरू. ड्रमरच्या डावीकडे हाय-हॅट, समोर पहिला टॉम (तारा नसलेला, घुमणारा ड्रम). माइक या दोघांच्या फटीतून आत येतो. ड्रमरच्या जागेवर बसून स्नेअरकडे घड्याळासारखं बघितलं तर माइक अकराच्या काट्यावर आणि त्याचं तोंड हेडच्या मध्याकडे. बूमस्टँड (आडव्या दांड्याचा स्टँड) समोरून किंवा हाय-हॅटच्या पलीकडून आणा. स्टँडचा एक पाय बूमच्या दिशेने ठेवा, नाहीतर गाण्याच्या मध्यात तो पुढे कलतो. पायावर वाळूची पिशवी किंवा कापडात गुंडाळलेली वीट ठेवली की काळजी मिटते.

सुरुवातीची जागा: रिमच्या वर दोन बोटं, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. माइकचं तोंड रिमच्या आत एक बोट. उतार ३० ते ४५ अंश, नजर हेडच्या मध्यावर. माइक रिमला कुठेही टेकता कामा नये. टेकला तर प्रत्येक फटक्याला लोखंडी ठणका येतो, आणि तो नंतर निघत नाही. केबलला माइकपाशी एक सैल वळसा द्या आणि ती बूमला बांधा.

इथून पुढे चार हालचाली आहेत. प्रत्येकीने काय बदलतं ते कानाने ओळखता आलं की स्नेअरचं निम्मं शिक्षण झालं.

जवळ-लांब. कार्डिऑइड माइक उगमाच्या जवळ गेला की खालचे सूर फुगतात. दोन बोटांवर स्नेअर जाडजूड वाटतो. चार-पाच बोटांवर गेलात की फुगवटा उतरतो, ड्रमचा नैसर्गिक आवाज आणि तारा ऐकू यायला लागतात, आणि सोबत हाय-हॅटही वर येतो. पातळ, उंच सुराच्या स्नेअरला जवळ ठेवा, आधीच भरदार असलेल्याला थोडा लांब.

उभा-आडवा. माइक जास्त उभा करून नजर थेट काडीच्या ठिकाणी लावली की टणत्कार वाढतो. आडवा झोपवून नजर समोरच्या रिमकडे नेली की टणत्कार मऊ होतो आणि कडेची घणघण वाढते. गाणं रॉक असेल तर उभा, भावगीत असेल तर थोडा आडवा, असं धरून सुरुवात करायला हरकत नाही. पुढे कान सांगतील तसं.

आत-बाहेर. तोंड रिमच्या बाहेर राहिलं तर आवाजात रिमचा धातू जास्त येतो. तीन-चार सेंटिमीटर आत गेलं तर अंग वाढतं, पण काडी लागायची भीतीही वाढते. ड्रमरला डोळे मिटून दोन मिनिटं जोरात फिल (ठेक्यामधले भरणीचे तुकडे) वाजवायला सांगा. काडी माइकला एकदा जरी लागली तर तो मागे घ्या.

चौथी हालचाल सगळे विसरतात: घड्याळाच्या काट्यावरची. माइक अकरावरून बारावर नेला की हाय-हॅट लांब जातो आणि टॉम जवळ येतो. ज्या गाण्यात टॉम फारसा नाही तिथे हा सौदा फायद्याचा पडतो.

आणि हे सगळं असं तपासा:

१. एका जागेवर आठ मात्रांचा साधा ठेका चार वेळा रेकॉर्ड करा. हाय-हॅटसकट, गाण्यात वाजणार त्याच जोराने.
२. एकच हालचाल बदला, दोन सेंटिमीटर किंवा दहा अंश. पुन्हा तेच वाजवा.
३. ऐकण्याआधी दोन्ही तुकड्यांची पातळी सारखी करा. हे टाळलं तर जो मोठा तोच चांगला वाटतो.
४. स्नेअरचा ट्रॅक एकटा ऐकून निर्णय घेऊ नका. ओव्हरहेड चालू ठेवूनच ऐका.
५. ठरलेली जागा पट्टीने मोजून वहीत लिहा आणि स्टँडचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखा. दुपारी जेवून आल्यावर ड्रमर स्टूल हलवतो, स्टँडला धक्का लागतो, आणि सकाळचा आवाज संध्याकाळी सापडत नाही.

हाय-हॅटचा त्रास

घरगुती रेकॉर्डिंगमधली सगळ्यात मोठी तक्रार हीच, म्हणून इथे थोडं थांबू. पहिला उपाय ड्रमरच्या हातात आहे. हाय-हॅट हळू आणि स्नेअर जोरात, हा तोल हातातच असेल तर माइकवाल्याचं काम सोपं होतं. हाय-हॅट काडीच्या खांद्याने कडेवर न मारता टोकाने वर वाजवला तरी बराच निवळतो. दुसरा उपाय उंची. हाय-हॅट पाच-सात सेंटिमीटर वर उचला. ड्रमर कुरकुर करेल, पण अर्ध्या तासात हात बसतो.

तिसरा उपाय माइकच्या बहिऱ्या बाजूचा. कार्डिऑइड बरोबर मागे, १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून एसएम ५७ ची शेपटी हाय-हॅटकडे करायची. सुपरकार्डिऑइड मात्र बरोबर मागचं थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा समोरून साधारण १२६ अंशांवर असते, हायपरकार्डिऑइडची ११० अंशांवर. बीटा ५७ ए आणून त्याची शेपटी सरळ हाय-हॅटकडे केली, तर जुन्या माइकपेक्षा जास्त किसकिस येऊ शकते, आणि दोष माइकच्या माथी मारला जातो. त्याला थोडा तिरका करा. हाय-हॅट माइकच्या मागच्या टोकापासून पन्नास-पंचावन्न अंश बाजूला पडला पाहिजे. एका कानाला हेडफोन लावून, ड्रमर फक्त हाय-हॅट वाजवत असताना, माइक हळूहळू फिरवा. किसकिस जिथे सगळ्यात कमी होते ती जागा पक्की करा आणि मग नजर पुन्हा हेडच्या मध्याकडे जमवा.

गेट (हळू आवाज बंद करणारं साधन) लावून हा प्रश्न सुटतो असं समजू नका. स्नेअर वाजला की गेट उघडतो आणि त्याच क्षणी हाय-हॅट आत शिरतो. उलट दर ठोक्याला उघडझाप होणारी किसकिस जास्त खटकते.

खालचा माइक

वरच्या माइकला टणत्कार आणि अंग मिळतं, तारा पुरेशा मिळत नाहीत. तारांसाठी दुसरा माइक खालून लावतात. हेडपासून सात-आठ सेंटिमीटर खाली, तारांकडे बघणारा, पण थेट तारांच्या मध्याखाली न ठेवता थोडा कडेला. पॅड लावलेला छोटा कंडेन्सर इथे छान बसतो. दुसरा डायनॅमिकही पुरतो. त्याचं तोंड बास ड्रमच्या पेडलपासून फिरवा, नाहीतर पेडलची करकर येते.

या माइकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करायची, हे बहुतेकांना माहीत असतं; कारण माहीत असलं तर विसरणं होत नाही. काडी पडली की वरचं हेड खाली जातं, म्हणजे वरच्या माइकपासून दूर. ड्रममधली हवा दाबली जाऊन खालचं हेडही खाली जातं, म्हणजे खालच्या माइकच्या जवळ. एका माइकची लाट खाली सुरू होते तेव्हा दुसऱ्याची वर. दोन्ही तशाच मिसळल्या तर खालचे सूर एकमेकांना खातात आणि स्नेअर पोकळ होतो. रिपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ट्रॅकवरच फेजचं बटण आहे. ऑडेसिटीत इन्व्हर्ट इफेक्ट आहे. रेकॉर्ड करताना राहून गेलं तरी नंतर करता येतं.

खालच्या ट्रॅकचे १५०-२०० हर्ट्झच्या खालचे सूर कापा, आणि तो वरच्यापेक्षा ६ ते १० डेसिबल खाली ठेवून हळूहळू चढवा. तारा जाणवल्या की थांबा.

इनपुट दोनच असतील तर खालचा माइक विसरा. खरं तर जवळचा वरचा माइकही विसरा: एक माइक बास ड्रमला, एक स्नेअरच्या वर मीटरभर. जवळचा स्नेअर माइक तिसऱ्या इनपुटपासून, खालचा माइक पाचव्या-सहाव्या इनपुटनंतर.

ओव्हरहेडशी जुळवणी

इथे सुतळी लागते. स्नेअरच्या मध्यावर एक टोक धरा आणि दोन्ही ओव्हरहेडपर्यंतची अंतरं सारखी करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. एक ओव्हरहेड वीतभर जवळ असला तर स्नेअर त्या बाजूला ओढला जातो आणि त्याची कड धूसर होते.

दुसरी गोष्ट जास्त चकवणारी. स्नेअरचं अंग साधारण १५० ते २५० हर्ट्झमध्ये असतं. २०० हर्ट्झची लाट सुमारे १७१ सेंटिमीटर लांब, तिचा अर्धा भाग साधारण ८५. आता जवळचा माइक हेडपासून ५ सेंटिमीटरवर आणि ओव्हरहेड ९० वर असेल तर फरक नेमका ८५. जवळच्या माइकमधला लाटेचा चढ आणि ओव्हरहेडमधला उतार एकमेकांवर पडतात, आणि दोन्ही ट्रॅक वेगवेगळे भरदार असूनही एकत्र केले की स्नेअर बारीक होतो. असं झालं की ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) २०० हर्ट्झ चढवत बसू नका. जे एकमेकांना खाऊन गेलं ते चढवून येत नाही. आधी मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. जवळच्या माइकची पोलॅरिटी उलटा (खालचा माइक असेल तर दोघांची एकदम) आणि कुठे जास्त अंग आहे ते बघा. उलटूनही समाधान नसेल तर ओव्हरहेड दहा-पंधरा सेंटिमीटर वर-खाली करा. सूर चढवलेल्या स्नेअरला वेगळी उंची लागेल, कारण त्याची लाट आखूड आहे.

संगणकावर ट्रॅक मागे-पुढे सरकवूनही जुळवता येतं. ४८ किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. पण स्नेअर जुळवला की टॉम आणि झांजा हलतात. आमचा कल माइक हलवण्याकडेच आहे.

पातळी

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरदार फटका −१० डीबीएफएसच्या (डिजिटल मोजपट्टी, तिची वरची हद्द शून्य) आसपास राहील इतकंच गेन. चाचणीत ड्रमर जपून वाजवतो आणि गाणं सुरू झालं की हात चढतो, तेव्हा तीन ते सहा डेसिबलची वाढ आधीच धरा. फटका एकदा शून्याला लागला की तो वाया गेला. ड्रमरला बंद कपांचे हेडफोन द्या; उघड्या हेडफोनमधली क्लिक (तालासाठीची टिकटिक) हळुवार भागात स्नेअरच्या माइकमध्ये टिकटिकते.

रेकॉर्डिंगनंतर कॉम्प्रेसर (मोठे आणि हळू आवाज जवळ आणणारं साधन) लावलात आणि पाठीमागे घुमघुम ऐकू आली, तर ती ५० हर्ट्झची. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर बघा. गेली तर अर्थिंगचा दोष आहे. तीन पिनांचा चांगल्या अर्थिंगचा प्लग वापरा. वीज जाऊन घरगुती इन्व्हर्टरवर चाललं असेल तर गुणगुण जास्त येऊ शकते. महत्त्वाचा टेक त्यावर घेऊ नका.

टॉम किंवा बास गिटार वाजताच स्नेअरच्या तारा आपोआप झणझणत असतील, तर टॉमचा सूर स्नेअरच्या सुराशी जुळतो आहे. टॉम थोडा खाली किंवा वर लावा. पूर्ण जाणार नाही, आणि जायलाही नको. ड्रमसेट एका खोलीत वाजतो आहे हे त्यातूनच कळतं.

हलगी आणि ताशा

सांगली-साताऱ्याकडे स्नेअरइतकीच हलगी आणि ताशाही रेकॉर्ड होतात, आणि वरचं बरंच तिथे लागू पडतं. हलगी मागून उघडी असते, म्हणून तिला पुढून एक आणि मागून एक माइक लावता येतो, आणि मागच्याची पोलॅरिटी त्याच कारणाने उलटी. फक्त दोन बोटांवर जाऊ नका. वादक हलतो आणि लांब काडी माइकला लागते. पुढचा माइक एक हात लांब, ४५ अंश बाजूने. कातड्याची हलगी शेकून चढवलेली असते आणि गार होताना सूर उतरतो, त्यामुळे माइकची जागा आधीच दुसऱ्या हलगीवर ठरवून ठेवा, आणि शेकल्याबरोबर टेक घ्या. ताशाला खालून भांडं बंद असतं, खालचा माइक नाहीच. वरून वीत-दीड वीत अंतरावर डायनॅमिक लावा, आणि गेन स्नेअरपेक्षाही जपून ठेवा.

पावसाळा

प्लॅस्टिकच्या हेडला दमट हवेने फारसं काही होत नाही. कंडेन्सरला होतं. महाबळेश्वर, पाचगणी, पाटणच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कंडेन्सरमध्ये मध्येच फटफट, चुरचुर असा आवाज आला तर बिघाडाआधी दमटपणाचा संशय घ्या. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून एक दिवस ठेवा आणि पुन्हा बघा. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की त्याचं काम संपलं. मंद आचेवर तापवून ते पुन्हा निळं करता येतं. डायनॅमिकला एवढे लाड लागत नाहीत. पावसाळ्यात वर-खाली दोन्हीकडे डायनॅमिक लावले तरी चालेल.

पत्र्याच्या गाळ्यात पाऊस सुरू असताना ओव्हरहेड निरुपयोगी असतात. जवळचे माइक तेवढे वाचतात, तेव्हा अशा दिवशी फक्त स्नेअर आणि बास ड्रम घ्या आणि झांजा नंतर वेगळ्या वाजवा. सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजल्यावर सामान असेल तर माइकचे डबे कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी घरांत शिरलं होतं. माइक भिजलाच तर कंडेन्सरला फँटम (इंटरफेसमधून माइकला जाणारी वीज) देऊन चालतो का ते बघू नका. वाळवून, दुरुस्तीवाल्याला उघडून दाखवेपर्यंत त्याला वीज लावायची नाही.